मुरोमचे दांपत्य : एका फळीवरचे दोन संत

विवाहाच्या निमित्ताने वधूवरांना काय भेट द्यावी, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना दरवर्षी पडतो. भांडी, घड्याळे आणि पाकिटे यांच्या जोडीला कुणीतरी आवर्जून एखादी धार्मिक तसबीर देते. ती बहुधा येशूच्या पवित्र हृदयाची किंवा पवित्र कुटुंबाची असते. नाही तर माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनामुळे घरोघरी पोहोचलेल्या निरंतर साहाय्य मातेची. ही शेवटची तसबीर मुळात पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेतील ‘आयकॉन’ आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. क्रीट बेटावरील शैलीत रंगवलेली ती मूळ प्रतिमा आज रोममध्ये आहे, आणि १८६६ पासून रिडेम्प्टोरिस्ट धर्मगुरू तिचा सांभाळ करीत आहेत. म्हणजे पूर्वेचा आयकॉन आपल्या देव्हाऱ्यात आधीच येऊन बसला आहे. आपण फक्त त्याचे गाव विचारले नव्हते.

रशियातील ऑर्थोडॉक्स कुटुंबांत विवाहाच्या वेळी हाताने रंगवलेला आयकॉन भेट देण्याची रीत जुनी आहे. आईवडील वराला प्रभू येशूच्या आणि वधूला पवित्र मातेच्या आयकॉनने आशीर्वाद देतात, आणि ती जोडी नव्या घराच्या प्रार्थनेच्या कोपऱ्यात विराजमान होते. त्या जोडीच्या शेजारी आताशा आणखी एक आयकॉन दिसू लागला आहे. त्यात एकाच फळीवर दोन संत उभे असतात, एक पुरुष आणि एक स्त्री. दोघे पतिपत्नी आहेत आणि दोघांचा सणही एकच आहे. हे मुरोमचे संत प्योत्र आणि संत फेवरोनिया. आपल्या दृष्टीने ‘प्योत्र’ म्हणजे पीटर. या दांपत्याची कथा, त्यांच्या आयकॉनचा प्रवास आणि अशा भेटीचा अर्थ यांचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

कथा

मुरोम हे मॉस्कोच्या पूर्वेस, ओका नदीच्या काठी वसलेले प्राचीन शहर. तेथील राजा पावेल याच्या राणीला एक मायावी सर्प राजाचेच रूप घेऊन छळू लागला. त्याचा मृत्यू राजाचा धाकटा भाऊ प्योत्र याच्या हातून, एका विशिष्ट तलवारीने होणार होता. प्योत्रला ती तलवार मठाच्या चर्चमधील वेदीच्या भिंतीत, दगडांच्या फटीत सापडली. त्याने सर्पाला ठार केले. परंतु त्याचे रक्त अंगावर उडून प्योत्रचे सर्वांग व्रणांनी भरले. कोणत्याही वैद्याला उपाय सापडेना. म्हणून त्याने आपली माणसे शेजारच्या रियाझान प्रांतात धाडली.

लास्कोवो नावाच्या खेड्यात त्याच्या सेवकाला एका झोपडीत मागावर बसलेली मुलगी दिसली. तिच्यापुढे एक ससा उड्या मारीत होता. मध गोळा करणाऱ्याच्या घरातली ही मुलगी कोड्यांत बोलत असे, आणि प्रत्येक कोड्यात व्यवहाराचे शहाणपण भरलेले असे. तिचे नाव फेवरोनिया. राजपुत्राला बरे करण्याची तयारी तिने दाखवली, परंतु त्याने आपल्याशी विवाह करावा अशी अट घातली. प्योत्रने वरकरणी होकार दिला. मनात मात्र त्याने ठरवून टाकले होते, की मध गोळा करणाऱ्याच्या मुलीशी राजपुत्राचा विवाह होणे नाही. तिची परीक्षा घ्यावी म्हणून त्याने चिमूटभर जवस-ताग पाठवला आणि आपले स्नान आटोपेपर्यंत त्यातून सदरा, विजार आणि पंचा तयार करण्यास सांगितले. तिने उलट लाकडाची एक ढलपी पाठवली आणि तेवढ्याच वेळात त्यातून माग घडवून द्यावा असा निरोप दिला.

मग तिने आंबवणाचे एक भांडे दिले. सर्व व्रणांना ते लावावे, एक व्रण मात्र तसाच ठेवावा, असे तिने सांगितले. प्योत्र बरा झाला. त्याने तिला मौल्यवान भेटवस्तू पाठवल्या आणि दिलेला शब्द मोडला. फेवरोनियाने भेटी परत केल्या. त्या एका उरलेल्या व्रणातून रोग पुन्हा सर्वांगभर पसरला. लज्जित होऊन तो तिच्या दाराशी आला, पुन्हा बरा झाला, आणि या वेळी त्याने शब्द पाळला.

पावेलच्या मृत्यूनंतर प्योत्र राजा झाला, तेव्हा सरदारांच्या बायकांना खेड्यातली राणी खपेना. ती जेवणानंतर मेजावरचे पावाचे कण मुठीत गोळा करते, अशी तक्रार राजाकडे गेली. गरिबाघरच्या लेकीची ती सवयच होती. राजाने एके दिवशी तिची मूठ उघडून पाहिली, तर त्यात कणांऐवजी सुगंधी धूप होता. तरीही सरदारांनी हट्ट सोडला नाही. हवे ते धन घे, पण शहर सोड, असे त्यांनी तिला सांगितले. तिने एकच मागणी केली, ती आपल्या पतीची. राजाने पत्नीऐवजी सिंहासन सोडले आणि दोघे नावेत बसून ओका नदीतून निघून गेली. मागे राहिलेले सरदार सत्तेसाठी एकमेकांच्या जिवावर उठले, तेव्हा त्यांनाच या दोघांना परत बोलवावे लागले.

वृद्धापकाळी दोघांनी मठवासाची दीक्षा घेतली. त्याचे नाव डाविड झाले, तिचे एफ्रोसिनिया. एकाच घटकेला मरण यावे अशी त्यांची प्रार्थना होती, आणि मध्ये पातळ पडदी असलेली एकच दगडी शवपेटी त्यांनी करवून ठेवली होती. अंतकाळ आला तेव्हा ती चर्चमधील चषकावर घालावयाच्या वस्त्रावर संतांचे चेहरे भरीत होती. प्योत्रकडून दोनदा निरोप आला. तिने थांबण्याची विनंती केली. तिसऱ्या निरोपाच्या वेळी एका संताचा चेहरा पूर्ण झाला होता, झगा अपुरा होता. तिने सुई कापडात खोवली, दोरा तिच्याभोवती गुंडाळला आणि प्राण सोडला. मठवाशांना एका पेटीत ठेवणे योग्य नव्हे म्हणून लोकांनी त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले. पण दुसऱ्या सकाळी दोघे एकाच पेटीत आढळली. पुन्हा वेगळे केले, तरी पुन्हा तेच झाले. तेव्हा लोकांनी हार मानली.

इतिहास काय सांगतो?

ही कथा लिहून काढली येरमोलाय-एराझ्म या १६व्या शतकातील धर्मगुरूने. मॉस्कोच्या १५४७च्या धर्मपरिषदेत महाधर्माध्यक्ष मकारी यांच्या नेतृत्वाखाली या दांपत्याला संत म्हणून मान्यता मिळाली, आणि त्याच सुमारास त्यांचे चरित्र लिहिण्याची गरज निर्माण झाली. येरमोलायने मुरोम परिसरातील लोककथा गोळा करून त्या एका सूत्रात ओवल्या. सर्प, कोडी आणि ससा या गोष्टी संतचरित्रापेक्षा आजीच्या गोष्टीतच शोभणाऱ्या. मकारी यांनी वर्षभराच्या संतचरित्रांचा जो विशाल संग्रह सिद्ध केला, त्यात या कथेला स्थान मिळाले नाही. सामान्य माणसाने मात्र ती उचलून धरली. तिच्या शेकडो हस्तलिखित प्रती आजही उपलब्ध आहेत.

इतिहासकार या प्योत्रची सांगड मुरोमचा राजा डाविड युरियेविच याच्याशी घालतात. तो १२२८ मध्ये मरण पावला. त्याच्यामागून त्याचा पुत्र युरी गादीवर आला, असे इतिवृत्तांवरून दिसते; येरमोलायच्या कथेत मात्र या दांपत्याच्या मुलाबाळांचा उल्लेखही नाही. तेव्हा कथा आणि इतिवृत्त यांच्या वाटा जुळत नाहीत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. सर्प खरा होता काय, असे आम्हांला कोणी विचारले तर आम्ही त्याचा आग्रह धरणार नाही. पण दिलेला शब्द मोडणारा नवरा, सासरी पाणउतारा सोसणारी सून आणि पदापेक्षा पत्नीला मोठे मानण्याचा प्रसंग यांचा खरेपणा सिद्ध करावयास इतिवृत्ताची गरज नाही. आपल्या वाचकांना तो आपापल्या आळीत सापडेल.

या संतांच्या समाधीला दिलेल्या भेटींपैकी एक विशेष लक्षात राहते. १६व्या शतकाच्या अखेरीस झार फ्योदोर आणि त्याची राणी इरिना गोदुनोवा यांच्याकडून या समाधीवर घालण्यासाठी जरतारी भरतकामाचे एक आच्छादन मुरोमला आले. त्यावर दोन्ही संत शेजारी शेजारी दाखवले आहेत. हे राजदांपत्य कित्येक वर्षे अपत्यासाठी झुरत होते. पुढे त्यांना एकच मुलगी झाली, आणि तीही बालपणीच दगावली. सुईने भरलेले हे वस्त्र म्हणजे एका दुःखी जोडप्याने दुसऱ्या जोडप्याकडे पाठवलेली प्रार्थनाच होती. जिच्या हातातील सुई अर्ध्यावर थांबली, त्या संतिणीला भरतकामाची भेट मिळावी, हेही अर्थपूर्णच.

फळी, अंडे आणि सोने

आयकॉन हे केवळ चित्र नव्हे. ८व्या शतकात बिझंटाइन सम्राटांनी पवित्र प्रतिमांवर बंदी घातली, तेव्हा त्यांच्यासाठी अनेकांनी छळ सोसला. इ. स. ७८७ मध्ये नायसीया येथे भरलेल्या दुसऱ्या विश्वपरिषदेने निर्णय दिला, की आराधना केवळ परमेश्वराची. प्रतिमेला द्यावयाचा तो आदर, आणि तो आदर प्रतिमेतील व्यक्तीपर्यंत पोहोचतो. ही परिषद कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स दोघांनाही मान्य आहे. आपल्या घरातील तसबिरीपुढे आपण मेणबत्ती लावतो, ती याच निर्णयाच्या आधारावर.

रशियात आयकॉन बहुधा लिंडेन वृक्षाच्या फळीवर रंगवतात. फळी वाकू नये म्हणून पाठीमागे आडव्या पट्ट्या बसवतात. पुढच्या बाजूला सुती किंवा तागाचे कापड चिकटवून त्यावर खडूची भुकटी आणि सरस यांच्या मिश्रणाचे अनेक पातळ थर देतात. प्रत्येक थर वाळू द्यावा लागतो आणि शेवटी पृष्ठभाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत होईपर्यंत घासावा लागतो. मग रेखाटन, त्यानंतर सोन्याचा वर्ख आणि सरतेशेवटी रंग. खनिज रंगांची पूड अंड्याच्या पिवळ्या बलकात कालवतात. चेहरा रंगवताना चित्रकार आधी गडद रंग भरतो आणि त्यावर थरामागून थर उजळ रंग चढवीत जातो. अंधारातून प्रकाशाकडे असा हा क्रम आहे. बाहेरून पडलेल्या उन्हाची सावली आयकॉनमध्ये नसते. प्रकाश चेहऱ्यातूनच उमटावा, असा उद्देश असतो. शेवटी संताचे नाव लिहितात, कारण नावावाचून आयकॉन पुरा झाला असे मानीत नाहीत. रशियन भाषेत ‘लिहिणे’ आणि ‘रंगवणे’ यांना एकच क्रियापद आहे.

सगळ्यांवर जवसाच्या शिजवलेल्या तेलाचा लेप देतात. त्याने रंग खुलतात. परंतु काही दशकांत तो लेप काळवंडतो आणि संत धुरामागे गेल्यासारखे दिसू लागतात. पूर्वी अशा काळ्या पडलेल्या आयकॉनवर पुन्हा नवे चित्र रंगवीत. २०व्या शतकाच्या आरंभी जुने थर जपून उतरवण्यात येऊ लागले, तेव्हा आंद्रेय रुब्लेवच्या ‘पवित्र त्रैक्य’सारख्या आयकॉनचे मूळचे तेजस्वी रंग पाहून लोक थक्क झाले.

मुरोमचा व्लादिमीर प्रांत हेच आयकॉनकारांचे माहेरघर. पालेख, म्स्त्योरा आणि खोलुय या गावांतील घरेच्या घरे या कामावर जगत. चेहरे रंगवणारे कारागीर वेगळे आणि वस्त्रे, डोंगर, इमारती रंगवणारे वेगळे असत. १९व्या शतकाच्या अखेरीस पत्र्यावर छापलेले स्वस्त आयकॉन बाजारात आले आणि या कारागिरांच्या पोटावर पाय आला. १९०१ मध्ये झार निकोलस दुसरा याने आयकॉनकलेच्या रक्षणासाठी समिती नेमली. पण यंत्राचा वेग काही थांबला नाही. त्यानंतर १९१७ची क्रांती झाली. धर्मचित्रांना गिऱ्हाईक उरले नाही. पालेखच्या चित्रकारांनी १९२४ मध्ये सहकारी मंडळ स्थापून काळ्या लाखेच्या डब्यांवर परीकथा रंगवण्यास सुरुवात केली. हात तेच होते, अंड्याचा रंगही तोच होता; विषय तेवढे बदलले.

त्याच काळात संतांचे अवशेषही त्यांच्या जागी राहिले नाहीत. मुरोमच्या मुख्य चर्चमधून ते हलवण्यात आले आणि वस्तुसंग्रहालयात नास्तिकतेच्या प्रचारासाठी ठेवण्यात आले. ज्या चर्चमध्ये ते शतकानुशतके होते ते पाडण्यात आले. सोव्हिएत राजवट कोसळल्यावर १९९२ मध्ये अवशेष धर्मसभेकडे परत आले, आणि आता ते मुरोमच्या पवित्र त्रैक्य मठात आहेत. सुखी संसाराची याचना करणारी जोडपी तेथे रांगा लावतात. आयकॉनकारांनाही पुन्हा काम मिळाले आहे.

संत आणि सरकार

मात्र या पुनरागमनाला दुसरी बाजू आहे. २००८ पासून रशियात या संतांच्या सणाचा दिवस, ८ जुलै, हा ‘कुटुंब, प्रेम आणि निष्ठा यांचा दिवस’ म्हणून पाळला जाऊ लागला. पांढरे डेझीचे फूल हे त्याचे चिन्ह. २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने त्यास अधिकृत दर्जा मिळाला. पंचवीस वर्षांहून अधिक संसार केलेल्या दांपत्यांना पदके देतात, आणि अनेक शहरांच्या चौकांत प्योत्र-फेवरोनियाचे पुतळे उभे राहिले आहेत. निष्ठेने संसार करणाऱ्यांचा गौरव व्हावा, यात वावगे काहीच नाही. पण त्याच वर्षी त्याच देशाने युक्रेनवर आक्रमण केले, आणि दोन्ही देशांतील असंख्य घरांतून नवरे आणि मुलगे कायमचे नाहीसे झाले. संतांना चौकात उभे करणे सोपे असते. कुटुंबे जोडलेली ठेवणे कठीण असते. ज्या राजाने सत्ता सोडून पत्नीचा हात धरला, तो राजसत्तेच्या हाती ध्वजासारखा मिरवला जावा, ही विसंगती आम्हांला अस्वस्थ करते.

आणखी एक गंमत सांगितली पाहिजे. ८ जुलै हा दिवस ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेच्या प्रेषितांच्या उपवासकाळात येतो, आणि उपवासकाळात चर्चमध्ये विवाह लागत नाहीत. सरकारी नोंदणी कार्यालयांत त्या दिवशी गर्दी आणि चर्चमध्ये विवाहाला मज्जाव, अशी स्थिती झाली. अखेर २०१२ मध्ये रशियन धर्मसभेने अवशेषांच्या पुनरागमनाच्या स्मरणार्थ सप्टेंबरमध्ये दुसरा सण नेमून दिला, म्हणजे इच्छुकांना या संतांच्या आशीर्वादाने विवाह करता यावा.

आपल्यासाठी

रोमच्या धर्मपंचांगात या संतांचा सण नाही. मग आपल्या घरात अशा आयकॉनला जागा असावी काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तैक्याविषयीच्या हुकूमनाम्यात पूर्वेच्या आध्यात्मिक ठेव्याची ओळख करून घेण्यास आणि त्याचा आदर करण्यास कॅथलिकांना सांगितले आहे. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये पोप पॉल सहावे आणि कुलगुरू अथेनागोरास यांची भेट झाली. कुलगुरूंनी पोप महोदयांना जो आयकॉन दिला, त्यात पीटर आणि आंद्रिया हे दोन सख्खे भाऊ एकमेकांना आलिंगन देत आहेत. पुढे २००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्या खाजगी दालनात अनेक वर्षे जपलेला कझानच्या मातेचा आयकॉन रशियाला परत पाठवला. दुरावलेल्या भावंडांत बोलणे सुरू करताना ख्रिस्तसभेने आयकॉनचाच हात धरला.

विवाहित संतांची जोडी आपल्यालाही परकी नाही. पवित्र मरियेचे मातापिता ज्योकिम आणि आन्ना यांची सोनेरी वेशीपाशी झालेली भेट पूर्वेच्या आयकॉनकारांनी रंगवली, तशी जोत्तोने इटलीत पाडुआच्या भिंतीवरही रंगवली. संत पौलाला करिंथमध्ये आसरा देणारे तंबू शिवणारे जोडपे अक्विला आणि प्रिस्किल्ला हे बायबलमध्येच भेटते. तरी बराच काळ आपल्या वेदींवर धर्मगुरू, धर्मभगिनी आणि रक्तसाक्षी यांचीच गर्दी राहिली. संसारी जोडपी क्वचितच. ती उणीव अलीकडे भरून निघू लागली आहे. २००१ मध्ये लुईजी आणि मारिया बेल्त्रामे क्वात्रोक्की यांना पतिपत्नी म्हणून एकत्रच धन्य घोषित करण्यात आले. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी लिझ्यूच्या संत तेरेजाचे आईवडील लुई आणि झेली मार्टिन यांना एकाच वेळी संतपद मिळाले. २०२३ मध्ये पोलंडचे उल्मा दांपत्य आपल्या सात मुलांसह धन्य घोषित झाले. ज्यू लोकांना आसरा दिल्याबद्दल नाझींनी त्या सर्वांना १९४४ मध्ये ठार केले होते.

तेव्हा विवाहित संतांचा आयकॉन भेट द्यावयाचा असेल, तर तो शोभेची वस्तू म्हणून देऊ नये, एवढेच आमचे सांगणे. मुरोमच्या या दोघांत आदर्श जोडप्याच्या चित्रपटी खुणा फारशा नाहीत. त्यांचा संसार फसवणुकीने सुरू झाला. राजपुत्राचा अहंकार रोगासारखा दुसऱ्यांदा उफाळला. घरच्यांनी आणि दारच्यांनी सुनेला तिच्या गरिबीवरून हिणवले. मुलांचा उल्लेख कथेत नाही, म्हणून निपुत्रिक जोडप्यालाही या आयकॉनपुढे परके वाटणार नाही. ज्याचा संसार डळमळीत झाला आहे, त्यालाही वाटणार नाही. आपल्या लग्नसमारंभांतला डामडौल दरवर्षी वाढतो आहे, आणि वर्ष-दोन वर्षांत माहेरी परतलेल्या मुलींच्या कहाण्याही आपल्या कानांवर येत आहेत. अशा काळात नवदांपत्याला निर्दोष संतांपेक्षा हे दोघे अधिक उपयोगी पडतील, असे आम्हांला वाटते.

आयकॉन देताना तो धर्मगुरूंकडून आशीर्वादित करून घ्यावा, आणि सोबत त्याची गोष्टही सांगावी. विशेषतः त्या एका न पुसलेल्या व्रणाची. शब्द पाळला जाईपर्यंत तो भरून येत नाही, हे फेवरोनियाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. प्योत्रला ते कळायला थोडा वेळ लागला.